गुरें कोणाचीं, भाव कोणाचा?



भूगोलाच्या तासाला दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर छडी टेकवून "अर्जेंटिना : गहूं, जवस, लोंकर आणि मांस" असें मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, त्या मांसाचा भाव कोण ठरवतो?" मागणी आणि पुरवठा हे दोन शब्द फळ्यावर लिहून मीं त्याची बोळवण केली. नोकरींतून मोकळा झाल्यावर ह्या विषयावर थोडें वाचन घडलें, तेव्हां ध्यानांत आलें कीं, मुलाचा प्रश्न रास्त होता आणि फळ्यावरचें उत्तर अपुरें होतें. भाव ठरविणारीं माणसें होतीं, त्यांचा एक संघ होता, त्याच्या बैठका लंडनमध्यें भरत, आणि कोणत्या कंपनीनें शेंकडा किती माल न्यावा ह्याचे आंकडे तेथें कागदावर मांडले जात. त्या उत्तराची राहिलेली बाकी आज फेडावी म्हणतों.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मांस शिजत नसेल. त्यांनीं कान मिटून घेण्याचें कारण नाहीं. एखादा देश आपला बहुतेक संसार एकदोन जिनसांवर टाकतो. तो जिन्नस घेणारे सातआठ जण एकत्र बसतात. आणि विकणारे हजारों असले तरी ते सुटेसुटे असतात. अशा ठिकाणीं त्या सातआठ जणांच्या संघाला हितकर म्हणावें कीं घातक, आणि तें कशावरून म्हणावें, हा प्रश्न कापूस पिकविणाऱ्याला व ऊस लावणाऱ्यालाहि तितकाच लागू आहे.

अर्जेंटिनाचा पांपा म्हणजे दृष्टि पोंचेल तेथवर सपाट गवताळ प्रदेश. तेथें मुळांत गाय नव्हती. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं गुरें आणलीं, त्यांतलीं कांहीं मोकाट सुटलीं, आणि गवत अमाप असल्यामुळें त्यांचे कळपच्या कळप झाले. पुढें दीर्घ काळपर्यंत त्यांचा उपयोग कातड्यापुरता. कातडें व चरबी काढून घ्यावी आणि मांस गिधाडांस सोडून द्यावें, अशी रीत होती. नंतर तें खारवून व वाळवून ब्राझील आणि क्यूबा येथील मळ्यांवरील गुलामांना खाऊं घालण्याचा धंदा निघाला. युरोपांतील गिऱ्हाईक मात्र त्या खारट चिवट मांसाला शिवेना. म्हणजे देशांत लक्ष्मी चार पायांनीं हिंडत होती, पण तिचा पैसा होत नव्हता.

ती कोंडी यंत्रानें फोडली. १८७६ सालीं शार्ल टेलिए ह्या फ्रेंच यंत्रज्ञाच्या खटपटीनें 'फ्रिगोरिफिक' नांवाचें जहाज यंत्रानें गार ठेवलेल्या कोठारांत मांस घेऊन फ्रान्सांतून ब्युनॉस आयरीसला पोंचलें. मांसाची चव फारशी बरी राहिली नव्हती, पण समुद्र ओलांडून मांस नेतां येतें एवढें सिद्ध झालें. १८८३ च्या सुमारास परान नदीच्या कांठीं मांस थिजविण्याचे कारखाने उभे राहिले. त्यांना तिकडे फ्रिगोरिफिको म्हणतात. १९०० सालीं खुरकतीच्या रोगामुळें ब्रिटननें अर्जेंटिनाच्या जिवंत गुरांना आपलीं बंदरें बंद केलीं, आणि मग गुरेंवाल्याला ह्या कारखान्यांवांचून दुसरें दारच उरलें नाहीं.

येथें मांसाच्या दोन प्रकारांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्या भेदावर उभी आहे. एक थिजविलेलें मांस. तें दगडासारखें कडक असतें, महिनेच्या महिने टिकतें, आणि भाव पडला तर वखारींत ठेवून वाट पाहतां येते. पण थिजतांना त्यांतील पाण्याचे स्फटिक होऊन तंतु फाटतात, आणि तें पुन्हां सैल झालें कीं रस गळून जातो. दुसरें गार मांस. तें गोठणबिंदूच्या जेमतेम एकदोन अंश खालीं ठेवतात. तें कडक होत नाहीं, आणि लंडनच्या खाटकाच्या दुकानीं थिजविलेल्या मालापेक्षां बऱ्याच चढ्या भावानें खपतें. मात्र बैल कापल्यापासून सुमारें सहा आठवड्यांच्या आंत तें खाणाऱ्याच्या घरीं पोंचलें पाहिजे. त्यांतले तीनेक आठवडे समुद्रावरच जातात.

आतां व्यापाऱ्याची अडचण पाहा. जहाजांतील थंड कोठाराची जागा आगाऊ भाड्यानें घ्यावी लागते. माल नसला तरी भाडें चुकत नाहीं. एकाच आठवड्यांत चार कंपन्यांचीं जहाजें लंडनला लागलीं तर स्मिथफील्डच्या बाजारांत मांसाचा ढीग पडतो आणि तें ठेवून देतां येत नसल्यामुळें मिळेल त्या भावानें काढावें लागतें. पुढच्या आठवड्यांत एकहि जहाज आलें नाहीं तर खाटकाच्या दुकानीं फळ्या रिकाम्या. तेव्हां जहाजांच्या पाळ्या कोणीतरी लावून देणें ही खरीखुरी गरज होती. मांसव्यापाऱ्यांच्या संघाचा उगम ह्या अडचणींत आहे. तो केवळ लोभांतून निघाला असें म्हणणारे लोक अर्धी गोष्ट सांगतात, आणि तो केवळ सोयीसाठीं निघाला असें म्हणणारेहि अर्धीच सांगतात.

१९०७ सालीं शिकागोच्या स्विफ्ट कंपनीनें ला प्लाटा येथील मोठा कारखाना विकत घेतला. मागोमाग आर्मर व मॉरिस ह्या तिकडच्याच बड्या कंपन्या उतरल्या. थिजविलेल्या मालावर चाललेल्या जुन्या इंग्रजी व देशी कंपन्यांना ह्या नवागतांनीं गार मांसाच्या जोरावर जेरीस आणलें. चढाओढींत सर्वांच्याच थैल्या हलक्या होऊं लागल्या तेव्हां १९११ मध्यें सगळे एका टेबलाभोंवतीं बसले. पहिल्या वांटणींत अमेरिकनांस सुमारें शेंकडा ४१, इंग्रजांस ४० आणि अर्जेंटिनाच्या स्वतःच्या कंपन्यांस साडेअठरा असे भाग पडले. १९१३ मध्यें हा सलोखा मोडला, पुन्हां झुंज झाली, आणि १९१४ च्या नव्या वांटणींत अमेरिकनांचा भाग ५८ च्या वर गेला, इंग्रजांचा ३० च्या आंत आला, आणि देशी कंपन्यांकडे सुमारें १२ उरले. गुरें त्या देशाचीं, गवत त्या देशाचें, आणि वांटा बाराचा!

आतां त्या बैठकींत होत काय असे? कागदोपत्रीं ती जहाजभाड्याची परिषद होती. कोणत्या आठवड्यांत कोणत्या कंपनीला किती जागा, एवढेंच तेथें ठरे. बैलाला किती द्यावें ह्याविषयीं अक्षरहि नसे, असें कंपन्या आवर्जून सांगत, आणि मला वाटतें तें शब्दशः खरेंहि असेल. पण जहाजांतील जागा वांटून घेणें म्हणजेच पुढच्या आठवड्यांत किती बैल घ्यावयाचे तें ठरविणें होय. प्रत्येकाचा वांटा बांधलेला असल्यावर शेजाऱ्यापेक्षां चार पैसे जास्त देऊन अधिक बैल ओढण्यांत कोणाचा फायदा? जादा बैल नेण्यास त्याच्याजवळ जागाच नाहीं. भाव पाडण्याचा ठराव करावा लागतच नाहीं. चढाओढीचें कारण काढून घेतलें कीं भाव आपोआप खालीं बसतो.

आणि विकणारा? त्याला थांबतां येत नाहीं. पांपावर गुरेंवाल्यांचे दोन वर्ग होते, आणि ते अद्यापि आहेत. एक 'क्रियादोर', म्हणजे हलक्या जमिनीवर गाई राखून वासरें वाढविणारा. दुसरा 'इन्व्हेर्नादोर', म्हणजे तीं वासरें विकत घेऊन लसूणघासाच्या कुरणांवर चारून पुष्ट करणारा. कारखान्यांशीं व्यवहार मुख्यतः ह्या दुसऱ्याचा. गार मांसाला योग्य असा बैल एका ठराविक पुष्टतेला आला कीं तो त्याच वेळीं गेला पाहिजे. त्यापुढें चारा खाऊन तो नुसता चरबीनें माखतो. आपल्याकडे तोडलेला ऊस थांबत नाहीं, तसाच तेथें तयार झालेला बैल थांबत नाहीं, आणि घेणाऱ्याला हें पुरतें ठाऊक असतें. ज्या पुष्टकाच्या पाठीशीं बँक आहे आणि कुरण मोठें आहे, तो थोडी कळ काढतो. तोटा झालाच तर पुढच्या हंगामांत वासरें स्वस्त घेऊन तो पाठीमागच्या वर्गाच्या अंगावर ढकलतो. शेवटीं ओझें येतें तें वासरें वाढविणाऱ्या लहान माणसावर. त्याच्या गाईला गाभण राहून व्यायला नऊ महिने, वासराचा बैल व्हायला दोनतीन वर्षें. भाव पडला म्हणून त्याला धंदा आंवरतां येत नाहीं; आंवरलाच तर तो गाईच कसायाकडे नेऊन, म्हणजे मुद्दलच खाऊन.

शिवाय व्यवहार बहुतेक कुरणावरच होई. कंपनीचा माणूस येई, बैल डोळ्यांनीं पाही, आणि हा गार मांसाला लायक, हा नाहीं, असा निकाल देई. पारख करणारा तोच, घेणाराहि तोच. शेजारच्या कुरणावर काल काय भाव दिला हें विकणाऱ्यास कळण्याची सोय नाहीं. आपल्याकडे अडत्याच्या ओट्यावर पूर्वीं रुमालाखालीं बोटें धरून सौदे होत. तेथें रुमालहि लागत नव्हता, मैलोगणती पसरलेलें गवतच पुरेसें होतें.

महायुद्धानंतर १९२१-२२ च्या मंदींत गुरेंवाले हवालदिल झाले. १८६६ पासून चालत आलेली 'सोसिएदाद रुराल' ही बड्या जमीनदारांची संस्था एरव्हीं कंपन्यांशीं गोडीनें राहणारी. पण १९२२ सालीं तिचीं सूत्रें पेद्रो पाखेस ह्यांच्या हातीं आलीं आणि तिनें कायद्याची मागणी केली. १९२३ मध्यें एकामागून एक कायदे झाले : जिवंत बैल वजनावर विकला जावा, व्यापारावर सरकारची देखरेख असावी, राजधानींत एक सार्वजनिक कारखाना असावा, आणि निर्गतीच्या बैलास कमींत कमी अमुक भाव मिळालाच पाहिजे. शेवटचा कायदा अमलांत येतांच कंपन्यांनीं काय करावें? कांहींच केलें नाहीं. बैल घेणें थांबविलें, एवढेंच. कुरणांवर तयार बैल उभे, जहाजें रिकामीं, आणि थोड्याच आठवड्यांत सरकारनें तो कायदा स्थगित केला. संघाचें बळ किती हें मोजण्यास ह्याहून चांगला प्रयोग एखाद्या शास्त्रज्ञालाहि सुचला नसता. किमान भावाचा कायदा करणाऱ्यांनीं विकणाऱ्याला आधार दिला खरा, पण न विकलेला बैल ठेवण्याची जागा दिली नाहीं. ज्या देशांत सरकारची वखार वा शीतगृह नाहीं त्या देशांत असा कायदा कागदावरच राहावयाचा.

उलट बाजूचा प्रयोगहि लौकरच झाला. १९२५ ते १९२७ ह्या काळांत व्हेस्टी बंधूंच्या इंग्रजी कंपनीनें वाढीव वांटा मागितला, वांटणी मोडली, आणि कंपन्या पुन्हां एकमेकींच्या उरावर बसल्या. कंपन्यांना तोटे झाले. गुरेंवाल्यांना, निदान मोठ्या पुष्टकांना, गिऱ्हाईक शोधीत हिंडावें लागलें नाहीं. १९२७ मध्यें तह झाला आणि जुनी शिस्त पुन्हां आली. व्यापाऱ्यांनीं भांडावें तेव्हां उत्पादकाचे दिवस बरे, आणि त्यांनीं हातांत हात घालावे तेव्हां वाईट, असें जेथें दिसतें तेथें तो संघ जहाजांच्या पाळ्या लावण्यापलीकडे आणखी कांहीं करीत असला पाहिजे, हा तर्क मला टाळतां येत नाहीं.

तथापि न्याय दोन्ही पारड्यांत घातला पाहिजे. ह्याच कंपन्यांनीं रक्त, हाडें, शिंगें, चरबी ह्यांतला कणहि वायां जाऊं न देण्याची विद्या आणली. त्यांच्या मागणीमुळें चांगल्या जातीचे वळू आयात झाले, कुरणांना कुंपणें पडलीं, लसूणघास पसरला. गिधाडांपुढें टाकलेल्या मांसाचें सोनें झालें तें ह्यांच्या भांडवलामुळें. आणखी एक गोष्ट. १९२९ नंतर भाव कोसळले ते सगळ्या जगांत, सगळ्या जिनसांचे. लंडनच्या मजुराच्या खिशांत पैसा नाहीं आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथूनहि मांस येतें आहे, ह्या गोष्टी कोणत्याहि संघानें घडविलेल्या नव्हत्या. म्हणून बैलाचा भाव पडला एवढ्यावरून संघाला दोषी ठरविणें हें तापमापकाला तापाचा दोष देण्यासारखें होईल. खरें माप निराळें आहे. लंडनांत मांसाला काय मिळालें, वाटेंत भाडें, बर्फ, मजुरी, विमा ह्यांस काय गेलें, आणि कुरणावर बैलाला काय दिलें. ह्यांमधलें अंतर वाढलें कीं कमी झालें, हें पाहिलें पाहिजे. आणि दुसरें, सारख्याच दोन बैलांना एकाच दिवशीं सारखाच भाव मिळाला कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. पण हीं दोन्ही मापें घेण्यासाठीं कंपन्यांच्या वह्या हव्यात. त्या वह्यांचाच पुढें मोठा तमाशा झाला.

त्याआधीं एक वळण सांगणें भाग आहे. खुरकतीचें कारण देऊन अमेरिकेनें १९२७ पासून अर्जेंटिनाच्या ताज्या मांसाला आपलें दार बंद केलें होतें; गार मांसाला ब्रिटन हें जवळजवळ एकच गिऱ्हाईक राहिलें. अशांत १९३२ च्या उन्हाळ्यांत कॅनडांतील ओटावा येथें ब्रिटिश साम्राज्यांतील देशांची परिषद भरली आणि साम्राज्यांतील मालास अग्रहक्क देण्याचें ठरलें. हिंदुस्थानचे प्रतिनिधीहि तेथें होते, आणि आपल्या जवसाला ब्रिटनच्या बाजारांत जकातीची सवलत त्याच वेळीं मिळाली. त्या बाजारांत जवसाच्या बाबतींत आपला प्रबळ प्रतिस्पर्धी अर्जेंटिनाच! वऱ्हाड-नागपुराकडील शेतकऱ्याला ज्या करारानें थोडा दिलासा दिला त्याच करारानें पांपावरील गुरेंवाल्याची झोंप उडविली. जगाचा व्यापार असा एकमेकांच्या उंबऱ्यांखालून गेलेला असतो.

घाबरलेल्या अर्जेंटिनानें आपले उपाध्यक्ष हूलिओ रोका ह्यांना लंडनला धाडलें, आणि १ मे १९३३ रोजीं रोका व ब्रिटिश व्यापारमंत्री रन्सिमन ह्यांच्या सह्यांनीं करार झाला. गार मांसाची आयात जून १९३२ अखेरच्या वर्षाच्या मानापेक्षां सहसा खालीं न आणण्याचें ब्रिटननें मान्य केलें. बदल्यांत ब्रिटिश कोळशाला जकातमाफी, ब्रिटिश कंपन्यांच्या नफ्याची रक्कम परदेशीं नेण्यास सवलत, आणि त्यांच्याशीं कृपादृष्टीनें वागण्याचें आश्वासन अर्जेंटिनानें दिलें. आपल्या विषयाच्या दृष्टीनें मर्माचें कलम पुढेंच आहे : मांस निर्गतीचे शेंकडा ८५ परवाने परदेशी कंपन्यांच्या हातीं राहावयाचे, आणि नफ्यासाठीं न चालविलेल्या अर्जेंटिनी संस्थांना फार तर १५. आतांपर्यंत जी वांटणी व्यापाऱ्यांनीं आपसांत केलेली होती तिच्यावर दोन सरकारांचीं मोहरें उमटलीं. खासगी संगनमताला एक दोष असतो, कीं तें मोडूं शकतें. १९१३ त मोडलें, १९२५ त मोडलें. तहनाम्यांत घातलेल्या संगनमताला तोहि दोष उरत नाहीं.

त्याच वर्षीं अर्जेंटिनाच्या सरकारनें राष्ट्रीय मांसमंडळ स्थापन केलें, आणि १९३४ सालीं गुरेंवाल्यांचें स्वतःचें एक महामंडळ निघालें, जें 'काप' ह्या आद्याक्षरांनीं ओळखलें जाई. कंपन्यांशीं टक्कर देणारी उत्पादकांची संस्था असा त्याचा डौल होता. पण स्वतःचे पुरेसे कारखाने नसल्यामुळें तें आपले बैल त्याच कंपन्यांकडून कापवून घेऊं लागलें, आणि पुढें जहाजांच्या वांटणींत आपलाहि वांटा घेऊन बसलें. पंक्तीला बोलावणें आल्यावर भांडण संपलें. लहान क्रियादोराला मात्र ह्या महामंडळासाठीं बैलाच्या विक्रीवर पट्टी द्यावी लागे.

आतां त्या वह्यांची हकीकत. सांता फे प्रांताचे प्रतिनिधि लिसांद्रो दे ला तोरे हे सेनेटांतील एक वृद्ध सभासद होते. स्वतः गुरें पाळून पोळलेला माणूस; वकिलीचा तल्लखपणा आणि एकटें पडण्याची भीति नाहीं, असा स्वभाव. त्यांच्या आग्रहावरून १९३४ सालीं सेनेटनें मांसव्यापाराची चौकशी समिति नेमली. समितीनें कंपन्यांकडे हिशेब मागितले. व्हेस्टींच्या 'आंग्लो' कारखान्यानें ते दिले नाहींत. तेव्हां त्याच्या व्यवस्थापकास अटक झाली. पुढें सुगावा लागला कीं, 'नॉर्मन स्टार' नांवाच्या, इंग्लंडास निघालेल्या जहाजावर कांहीं पेट्या चढविलेल्या आहेत. वर लिहिलें होतें, डब्यांतील मांस; उघडल्या तेव्हां आंत निघाले कारखान्याचे हिशेबाचे कागद. शुद्ध व्यवहाराच्या वह्यांना मांसाचें सोंग घ्यावें लागत नाहीं, हें समजण्यास हिशेबतपासनीस व्हावें लागत नाहीं.

जून आणि जुलै १९३५ मध्यें दे ला तोरे ह्यांनीं दिवसचे दिवस सेनेटांत उभें राहून आंकडे वाचले. कंपन्यांनीं कर चुकविला, खोटे हिशेब ठेवले, आणि सारख्याच मालाला मर्जींतल्या बड्या पुष्टकांस एक व इतरांस दुसरा असा भाव दिला, असे त्यांचे आरोप होते. आणि मर्जींतल्या पुष्टकांत खुद्द शेतकीमंत्री लुईस दुआऊ हे आहेत, असेंहि त्यांनीं सांगून टाकलें. मंत्र्यांनीं तें नाकारलें. २३ जुलै रोजीं सभागृहांत शिवीगाळ झाली, धक्काबुक्कींत दे ला तोरे खालीं पडले, आणि त्यांचे शिष्य व नवे निवडून आलेले सभासद एन्सो बोर्दाबेहेरे मदतीला धांवले तोंच पिस्तुलाचे बार झाले. गोळ्या बोर्दाबेहेरे ह्यांना लागल्या आणि ते गतप्राण झाले. मारणारा एक माजी पोलीस अधिकारी होता. त्याला शिक्षा झाली, पण त्याला कोणीं पाठविलें हें न्यायालयांत कधींच निश्चित झालें नाहीं. दोन दिवसांनीं अर्थमंत्री पिनेदो व दे ला तोरे ह्यांच्यांत द्वंद्वयुद्ध झालें. त्यांत कोणालाहि इजा झाली नाहीं. चौकशी तेथेंच विझली. १९३७ च्या आरंभीं दे ला तोरे ह्यांनीं सेनेट सोडलें, आणि ५ जानेवारी १९३९ रोजीं त्यांनीं स्वतःच्या हातानें आपला शेवट केला.

दे ला तोरे ह्यांचे सगळे आरोप जसेच्या तसे खरे होते असें मी म्हणत नाहीं. ते फिर्यादी होते, आणि फिर्यादीच्या तोंडीं फिर्यादीचीच भाषा असावयाची. परंतु त्यांनीं संघाच्या मर्मावर बोट ठेवलें होतें. संघानें सर्वांनाच कमी भाव दिला असता तर सगळे गुरेंवाले एक झाले असते. कांहींना चांगला भाव, आंतून, गुपचूप. आणि बाकीच्यांना उरेल तो. अशी रीत असली म्हणजे विकणाऱ्यांत एकी होतच नाहीं. बडा पुष्टक कंपन्यांचा वकील होतो, तोच मंत्री होतो, आणि तोच उत्पादकांच्या संस्थेचा पुढारीहि असतो. म्हणून असा संघ पारखतांना त्याचे सभासद कोण एवढेंच पाहून भागत नाहीं. त्याचे मित्र कोण आणि त्यांना कोणता भाव मिळतो, हें आधीं विचारावें.

एका वर्गाचें नांव ह्या सगळ्या वादांत क्वचितच निघे. बेरिसो आणि आवेयानेदा येथील कारखान्यांत इटली, स्पेन, पोलंड, सीरिया अशा देशांतून आलेले हजारों मजूर गार कोठारांत ओल्या फरशीवर उभे राहून काम करीत. जहाज भरावयाचें असेल त्या दिवशीं बोलावणें, नसेल त्या दिवशीं घरीं. लंडनच्या बैठकींत ठरलेल्या पाळीप्रमाणें त्यांची चूल पेटे किंवा पेटत नसे. १९१७-१८ मध्यें त्यांचे संप झाले व मोडले गेले. १७ ऑक्टोबर १९४५ रोजीं पेरोन ह्यांच्या सुटकेसाठीं जे लोंढे राजधानीवर चालून आले त्यांत बेरिसोचे हे मजूर पुढें होते; तेव्हां कोठें राजकारणी मंडळींना त्यांची ओळख पटली.

पुढची हकीकत थोडक्यांत. राजधानींतील शहराच्या मालकीच्या कत्तलखान्याला व शीतगृहाला नंतर लिसांद्रो दे ला तोरे ह्यांचेंच नांव देण्यांत आलें. जानेवारी १९५९ मध्यें सरकारनें तो खासगी मालकीला देण्याचा कायदा केला. घेणार होतें तेंच 'काप' महामंडळ. हजारों कामगारांनीं कारखाना आंतून ताब्यांत घेतला, आणि लष्करानें रणगाड्यानें फाटक मोडून त्यांना बाहेर काढलें. मांसमंडळ १९९१ सालीं मोडीत निघालें. शिकागोच्या त्या कंपन्यांचे ला प्लाटाकांठचे अवाढव्य कारखानेहि बंद पडले.

टिकला तो बाजार. ब्युनॉस आयरीसच्या लिनिएर्स बाजारांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून गुरांचा लिलाव होत असे. वाड्यांवरून बांधलेल्या उंच वाटेवर उभे राहून दलाल बोली पुकारीत, खालीं गुरें, आणि भोंवतीं सर्व घेणारे एकमेकांच्या देखत. मग जिवंत वजन, आणि किलोमागें भाव त्याच दिवशीं जाहीर. २०२२ सालीं हा बाजार तेथून हलवून शहराबाहेर कान्युएलास येथें नेण्यांत आला. कुरणावर परस्पर होणारे सौदे आजहि पुष्कळ आहेत, पण ते करतांना दोघेहि त्या बाजारांतला त्या दिवशींचा आंकडा विचारून घेतात. १९२३ सालच्या गुरेंवाल्याला विचारावयाला असा आंकडाच नव्हता.